दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे

मी एक जुनी लिफ्ट आहे, मित्रांनो. चार मजले एवढीच माझी उंची आणि तेवढीच माझी भटकंती. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे मला लोकांच्या चपलांवरून कळतं.

कारखान्यात तयार झाल्यावर मी आठवडाभर उघड्या आवारात उभी होते. आयुष्यात आकाश पाहिलं ते तेवढंच. मग मला या इमारतीत आणलं आणि विटांच्या उभ्या विहिरीत पोलादी दोरांवर टांगलं. सुरुवातीला केवढं कौतुक! लोक पाहुण्यांना मुद्दाम दोनदा वरखाली फिरवून आणत. माझ्या सरकत्या जाळीला दर महिन्याला वंगण मिळे, आरसा लखलखीत पुसला जाई. पुढे नव्याची नवलाई ओसरली. रहिवाशांच्या बैठकीत माझ्या दुरुस्तीचा विषय निघे आणि ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून मिटे. मी कुरकुरू लागले, की लोक म्हणत, “म्हातारी झाली बिचारी.” म्हातारी झाले होतेच, पण मला कुणी वेळेवर तेलही घातलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात. आता त्या निवृत्त आहेत. त्यांचे यजमान शिंपी. कोपऱ्यावर त्यांचं दुकान आहे. त्यांना एकुलती एक लेक. ती दातांच्या डॉक्टरांकडे काम करते.

एकदा ही लेक एक छोटं खोकं घेऊन माझ्यात शिरली. घरच्या घरी नळीत लाळ भरायची आणि टपालानं पाठवायची. मग आपल्या रक्ताचं कोण कुठे आहे ते कळतं, अशी ती डीएनए चाचणी होती. “गंमत म्हणून गं,” ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती.

दीड महिन्यानं ती वर येत असताना फोनवर निकाल आला. तिसरा मजला आला तरी ती उतरली नाही. पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. निकालात लिहिलं होतं की तिला एक भाऊ आहे. सख्खा नाही, पण आई किंवा वडील यांपैकी एक दोघांचे एकच. तो तिच्याहून आठ वर्षांनी मोठा, दुसऱ्या गावी राहणारा. “मला भाऊ?” ती आरशातल्या स्वतःलाच विचारत होती. त्याच आठवड्यात तिनं त्याला घरचा पत्ताही कळवून टाकला.

पण वडिलांशी ती तुटक वागू लागली. शिंपीकाका माझ्यात उभे राहून विचारत, “काय गं, गप्प गप्प का?” ती मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राही. शेवटी एका सकाळी आईबरोबर खाली जाताना तिला राहवलं नाही.

“आई, बाबांनी तुला फसवलंय. त्यांना आधीचा एक मुलगा आहे. आत्ता दुकानात जाऊन विचारणार आहे मी.”

नर्सबाईंनी जाळी घट्ट धरली. “त्यांना काही विचारू नकोस.”

“का नको?”

“त्यांचा नाही तो.” तळमजला आला. “माझा आहे.”

लेक जाळी उघडायचं विसरली. नर्सबाई जमिनीकडे बघत भराभर बोलल्या. एकोणीस वर्षांच्या होत्या, नर्सिंग शिकत होत्या. लग्न झालेलं नव्हतं. घरच्यांनी बाळ दुसऱ्या कुटुंबाला दिलं आणि पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही असं बजावलं. “तुझ्या बाबांना यातलं अक्षर माहीत नाही. शपथ घे, त्या मुलाला उत्तर देणार नाहीस.”

लेकीनं शपथ घेतली आणि दोघी अडकल्या. आईला नवऱ्यापाशी बोलता येईना, मुलीला भावाला लिहिता येईना. भावाचे निरोप येत राहिले. एकदा लेकीनं फोन पुढे धरला. “निदान चेहरा तरी बघ.” नर्सबाईंनी तोंड फिरवलं, पण फिरवलं ते आरशाकडे. आरशात फोन दिसत होता. त्यांनी डोळे मिटले नाहीत, हे फक्त मला ठाऊक आहे.

एके दिवशी अकराच्या सुमारास नर्सबाई भाजी घेऊन माझ्यात शिरल्या. मागोमाग एक माणूस आला. चाळिशी ओलांडलेला, हातात पिशवी. “थांबा, मीही येतो,” म्हणत त्यानं जाळी लावली. नर्सबाईंनी त्याला पाहिलं आणि त्यांच्या हातातली मेथी खाली पडली. बाहेर पडावं तर मी सुटले होते.

आणि मित्रांनो, त्याच दिवशी माझ्या अंगातलं बळ सरलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे मी गचकन थांबले. दिवा गेला. समोर नुसती भिंत.

“घाबरू नका हं, मावशी,” तो म्हणाला. “मी बस चालवतो. बंद पडलेल्या गाडीची सवय आहे मला.” त्यानं हाका मारल्या. खालून कुणीतरी ओरडलं, मेकॅनिकला यायला अर्धा तास लागेल.

त्या जाळीला चिकटून उभ्या होत्या. त्यांना धीर यावा म्हणून तो बोलत राहिला. “मी इथं पहिल्यांदाच येतोय. बहिणीला भेटायचंय. ती उत्तर देत नाही, म्हणून रजा टाकून आलो. मी दुसऱ्या घरात वाढलो, इथल्यांनी मला जवळ केलं नाही तरी चालेल. भांडायला नाही आलो. मी बरा आहे, एवढंच सांगायचंय.”

“ज्यांनी वाढवलं, त्यांनी मारलं-बिरलं नाही ना?” नर्सबाईंचा आवाज फाटला होता.

“छे! जीव लावला. पण मावशी, तुम्ही का रडताय?”

“मावशी नको म्हणूस मला.”

अंधारात त्या बोलत राहिल्या. “दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी झालास. उजवा कान दुमडलेला होता तुझा. मी तो बोटानं सरळ करत बसले होते. तेवढ्यात न्यायला आले.”

त्याचा हात कानाकडे गेला. मग तो खाली, सांडलेल्या मेथीतच बसला. त्याही त्याच्याशेजारी बसल्या. मेकॅनिक येईपर्यंत दोघं अंधारात चाचपत मेथी गोळा करत राहिले. मला वाटलं, दुरुस्ती न झाल्याची शिक्षा मी यांना दिली.

मी तिसऱ्यावर पोचले तेव्हा दारात शिंपीकाका उभे होते. ओरडा ऐकून जिन्यानं धापा टाकत आले होते. “बरी आहेस ना? आणि हे कोण?”

नर्सबाई एकदा माझ्याकडे वळल्या, जणू परत आत शिरणार. मग म्हणाल्या, “हा माझा मुलगा.”

त्यांच्या घराचं दार लागलं. माझं जग दारापर्यंतच.

त्यानंतर काका कित्येक आठवडे जिन्यानंच ये-जा करत. नर्सबाई माझ्यात एकट्या असत, डोळे सुजलेले. मुलगा दर रविवारी येई, बहीण त्याला खाली सोडायला येई. अशाच एका रविवारी तो वर निघाला असताना काका गुडघा चोळत आत आले. दोघं शेजारी शेजारी उभे. पहिला मजला गेला, दुसरा गेला.

“जेवून आलात,” काकांनी समोर बघतच विचारलं, “की जेवणार आहात?”

“जेवणार आहे,” तो म्हणाला.

मित्रांनो, पुढच्या महिन्यात मला काढून नवी लिफ्ट बसवणार आहेत. तिला वेळच्या वेळी तेल घाला, तिची कुरकुर हसण्यावारी नेऊ नका. आणि कुणी आत अडकलंच, तर लगेच दार ओढू नका. बाहेर उभे राहा आणि त्याच्याशी बोलत राहा.