श्वासांसकट

मी एक जुनी तबकडी आहे. काळी, गोल, मधोमध भोक. माझ्या दोन्ही बाजूंना मिळून नऊ गाणी आहेत आणि मित्रांनो, त्या गाण्यांच्या अधूनमधून एक बाई श्वास घेते. हा दोष आहे, असं मला जन्मापासून ऐकवलं गेलं. मी ते अजून मान्य केलेलं नाही.

ती बाई म्हणजे माझी गायिका. गाणी तीच लिहायची, चाली तीच लावायची. तिचा पहिला अल्बम इतका खपला, की कंपनीच्या साहेबांनी केबिनमधला सोफा बदलला. दुसरा अल्बम मी. माझं ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हा तिला आठवा महिना होता. पोट माइकच्या स्टँडला लागायचं, म्हणून ती जराशी तिरकी उभी राहायची. लांब ओळ एका दमात संपेना. मग ती मध्येच थांबायची, खोलीभर ऐकू जाईल असा श्वास घ्यायची आणि पुढे गायची.

काचेपलीकडे ध्वनिमुद्रक बसायचा. त्याला सगळे कानसेन म्हणत. गायकाने श्वास घेतला, की तेवढ्यापुरती आवाजाची कळ खाली ओढायची, ही त्याची हातोटी. त्याच्या हाताखालून गेलेला गायक कधी श्वासच घेत नसे. सवयीने त्याने माझेही श्वास गाळले आणि तिला ऐकवलं.

"दादा, हे कोण गातंय?"

"तूच की."

"मग मी मेले कधी?"

कानसेनने सगळी गाणी पुन्हा उतरवली. या वेळी कळेला हात न लावता.

साहेबांनी समजावून पाहिलं. "अगं, बाळंत हो, आराम कर, मग निवांत गा. गाणी काय पळून जातायत?"

"हो, जातायत," ती म्हणाली. "ही वाट बघण्याची गाणी आहेत. बाळ आल्यावर कुणाची वाट बघू?"

अवघडलेल्या बाईशी कोण वाद घालणार? मी बाजारात आले.

समीक्षकांनी लिहिलं, 'गाणी ताजी, गायिका दमलेली.' त्यांना बसून लिहिताना दम लागत नसावा. गिऱ्हाइकं तर मला परत करू लागली.

"खराब निघाली हो. आत कुणीतरी धापा टाकतंय."

दुकानदार बिचारा दुसरी प्रत द्यायचा. तीही परत यायची. "हीसुद्धा तशीच. सगळा मालच असला आहे का?" मी स्वतः दोन घरं पाहून दुकानात परतले आहे.

शेवटी साहेब तिच्या घरी गेले. लेक तिच्या मांडीवर झोपली होती. श्वास गाळलेली नवी आवृत्ती काढू, म्हणाले. तू फक्त हो म्हण, नाहीतर तिसऱ्या अल्बमचं विसर. आतून तिची आई म्हणाली, "म्हण ना बाई हो. श्वासच तर काढतायत."

"आई, करारात गाणी त्यांची, वाद्यं त्यांची, खोली त्यांची, माइक त्यांचा. माझं त्यात तेवढंच आहे."

साहेब चहा अर्धा टाकून उठले. तिसरा अल्बम आला नाही. मला छापणंही बंद झालं. गायिका पुढे लहान लहान सभागृहांत गात राहिली. तिथे तिने श्वास घेतला म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत.

आता म्हणे असं यंत्र निघालंय, की एक बटण दाबलं की मी साफ होईन. दुकानदाराचा मुलगा मला परवा त्याच कामासाठी उचलायला आला होता. म्हाताऱ्या दुकानदाराने त्याच्याकडे नुसतं बघितलं. मी फळीवरच आहे.

तर मित्रांनो, मला कडेने धरा. सुई हळू टेकवा. मऊ, कोरड्या फडक्याने पुसा. धूळ माझी नाही, ती खुशाल काढा. श्वास माझे आहेत.