कांद्याच्या काट्यावरचा देव

इंद्रायणीच्या पत्राला मी अकरा दिवस उत्तर दिलं नाही. फोनवर मी अडखळतो हे माझ्या या जुन्या विद्यार्थिनीला ठाऊक, म्हणून पत्र. 'सर, तुम्ही रसायन शिकवलंत. शिनोलीच्या बाबाच्या काढ्यानं मामंजींची सूज उतरली, वजनही उतरलं. डायलिसिस बंद ठेवलं तर चालेल ना?' मला शंका होती. पण मी डॉक्टर नव्हे, चुकलो तर? पुस्तकं चाळत बसलो.

बाराव्या दिवशी शिनोलीला गेलो. गुरुवार होता, बाबाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. मध्ये कांद्याच्या पिशव्या तोलायचा काटा, त्यावर इंद्रायणीचे सासरे कुंडलिकराव.

"पाच किलो उतरलं! मशीन दोन काढतंय, आपण पाच!" बाबा गरजला. "अन् छाती बगा, देव श्वास घेतोय!"

लोकांनी हात जोडले. मी पुढे सरकलो. म्हातारा धावून आल्यासारखा खोल, भराभर श्वास घेत होता.

"भाऊ, पोट कसं आहे?" मी हळूच विचारलं.

"दिसातनं धा येळा जातोय. बाबा म्हणत्यात, घाण निघतीय."

"डायलिसिस?"

"तीन पाळ्या न्हाई केल्या," इंद्रायणी म्हणाली. "सेंटरात पण आधी अन् नंतर वजनच करत्यात ना, सर? हितं बी उतरतंय की."

काढ्याच्या पातेल्यात गाळ होता. सोनामुखीची पानं, जुलाबाची.

"मास्तर, डागदर कवा झालात?" बाबा खिदळला. गर्दी हसली. "गाडी बघ," एवढंच इंद्रायणीला म्हणालो.

जीपमध्ये कुंडलिकरावांनी माझं मनगट धरलं. "मास्तर, बोलत ऱ्हावा. लई भ्या वाटतंय." मला त्यांच्याहून जास्त वाटत होतं.

डायलिसिस सेंटरच्या यास्मिन सिस्टरांनी इंद्रायणीकडून मांडवातलं सगळं ऐकलं, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "जुलाबातून पाणी गेलं, म्हणून सूज गेली. सोबत आम्ल शमवणारे क्षारही वाहून गेले, त्यात डायलिसिस नाही, म्हणून रक्तात आम्ल साठलं. ते बाहेर टाकायला ही धाप. तोच तुमचा देव! पोटॅशियमचाही तोल गेलाय. आजचा दिवस काढला असता तर हृदय थांबलं असतं."

कुंडलिकराव वाचले. तरी ते अकरा दिवस माझ्या उरावर आहेत. आज उत्तर लिहिलं:

'इंद्रायणी, काटा फक्त वजन सांगतो. रक्तात काय साठलंय ते रक्त तपासल्यावरच कळतं. डायलिसिसची पाळी चुकवा म्हणणाऱ्याला आधी रिपोर्ट मागावा, मग तो कुणीही असो. मला शंका होती आणि मी भिऊन गप्प बसलो, हे मामंजींना सांग. गुरुवारी हे पत्र मांडवात मोठ्यानं वाच. माझा आवाज फुटणार नाही, पण मी काट्याशेजारी उभा असेन.'

घोडेगावच्या टपालपेटीत पत्र टाकलं. आत गेलेलं परत काढता येत नाही, हे बरंच.