धक्क्यावरचा सलाम

टॅम्सिन हॉस्किंगने तो सिनेमा बघायचा नाही, हे तिच्या आईने ती शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं. पुढे आई गेली, सिनेमाही लोक विसरले, टॅम्सिनने सत्तरी ओलांडली, पण तिने तो कधी पाहिला नाही.

ती पाचसहा वर्षांची असताना, एका उन्हाळ्यात, लंडनहून सिनेमावाले पोर्थवीन बंदरात उतरले होते. गोष्ट विनोदी होती. भंगारात निघालेली एक युद्धनौका, तिच्यावर दिशा न कळणारा कप्तान, आणि जग फिरून आलो असं समजून पुन्हा त्याच बंदराला लागणारी ती नौका. गावातल्या कोळ्यांना दिवसाच्या मजुरीवर गर्दीत उभं केलं होतं. टॅम्सिनच्या वडिलांना, जॅबेझला, बंदर-अधिकाऱ्याची टोपी मिळाली. काम एवढंच, की नौकेला कडक सलाम ठोकायचा, एकेक पाऊल मागे सरकायचं आणि धक्क्यावरून पाण्यात पडायचं.

तो सलाम जॅबेझला जन्मभर चिकटला. तो पबमध्ये शिरला की कुणीतरी उठून सलाम ठोकायचं आणि मागे मागे सरकायचं. शाळेच्या फाटकात पोरं टॅम्सिनलाही तसाच सलाम करायची. जॅबेझने बोटीवर जाणं सोडलं. मासळीबाजारात पेट्या धुता धुता तो वाळत गेला आणि एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेला. घरात त्या दिवसाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. टॅम्सिनला जे काही ठाऊक होतं, ते क्लॅरीकाकाकडून. क्लॅरी म्हणजे क्लॅरेन्स अँगोव्ह, वडिलांचा बोटीवरचा सोबती. दफनाच्या दिवशी त्याने तिचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "तुझ्या बापाला पाण्यातून मी ओढून काढलं, पोरी."

एवढ्या एका वाक्यावर टॅम्सिनने त्याचं सगळं केलं. म्हातारपणी त्याचं करणारं गावात कुणी नव्हतं. रविवारचं जेवण ती त्याच्याकडे ताटावर ताट झाकून घेऊन जायची. दवाखान्यात तीच न्यायची, पायाची नखंही तीच कापायची. तो खुर्चीला खिळल्यावर त्याची चाकांची खुर्ची ढकलणारीही तीच.

यंदा वसंतात ऑब्री थर्लो या लंडनहून येऊन स्थायिक झालेल्या गृहस्थाने फिल्म क्लब काढला, आणि पहिलाच सिनेमा तो लावला. क्लॅरी हट्टाला पेटला. म्हणाला, मीही आहे त्यात, मरायच्या आत मला स्वतःला बघू दे. टॅम्सिनने दोनदा नाही म्हटलं आणि शेवटी त्याची खुर्ची ढकलत दुपारच्या खेळाला गेली.

मच्छीमारांचं जुनं सभागृह खच्चून भरलं होतं. वडिलांचा प्रसंग शेवटी कधीतरी येईल, अशी टॅम्सिनची समजूत होती. तेव्हा डोळे मिटून घ्यायचे, असं तिने ठरवलं होतं. पण सिनेमा सुरू होऊन जरा वेळ होतो न होतो तोच, एक गोबऱ्या गालांचा, गुटगुटीत तरुण पडद्यावर आला. टोपी त्याच्या कानांवर उतरली होती. त्याने सलाम ठोकला, छाती फुगवली, रुबाबात एकेक पाऊल मागे घेतलं आणि दिसेनासा झाला. सभागृह हसलं. टॅम्सिनही हसली, अगदी मनापासून, खांदे हलेपर्यंत. तिच्या आठवणीतले वडील वाळक्या मानेचे, वाकलेले होते. हा गोबरा कोण, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. मग तो पाण्यावर आला. तोंड उघडं, हात वेडेवाकडे, टोपी अजून डोक्यावर. समोरच्या दोन दातांमधली फट तिला दिसली. तशीच फट तिच्याही दातांत होती. तो खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. लोक मांड्यांवर थापा मारत होते. टॅम्सिनचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते आवरायचं कसं, हे तिला कळेना.

सिनेमा संपल्यावर चहा आणि केशर घातलेले बन फिरले आणि ऑब्रीने मतं मागवली. लोक मोकळेपणाने बोलले. कप्तानापेक्षा त्या गंजक्या नौकेचा अभिनय बरा, असं एक जण म्हणाला. एका बाईंच्या मते सिनेमात बायकांना किंचाळणं आणि चहा करणं यापलीकडे कामच नव्हतं. विनोद शिळे, संगीत कानठळ्या बसवणारं. ऑब्रीने इंटरनेटवरची मतंही फोनवरून वाचून दाखवली. कुणाला दोनदा झोप लागली होती, कुणी अर्ध्यात उठून गेलं होतं. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं: तो सलामवाला. एकाने लिहिलं होतं, बाकी सिनेमा समुद्रात बुडवा, त्या जाड्याला तेवढं वाचवा. दुसऱ्याने लिहिलं होतं, इतकं झकास बुडणं मोठमोठ्या नटांना जमलेलं नाही.

टॅम्सिन उभी राहिली. हातातला कप तिने खुर्चीवर ठेवला.

"ते माझे वडील," ती म्हणाली. "त्यांना पोहता येत नव्हतं. दर्यावर जाणाऱ्या इथल्या निम्म्या माणसांना येत नव्हतं."

मागच्या रांगेतल्या एका निवृत्त दंतवैद्याने मग घसा साफ केला आणि अगदी अदबीने म्हणाला, "तरीच. मी मघाशी हिला म्हणत होतो, याला अभिनय म्हणता येणार नाही."

दोनचार माना डोलल्या. ऑब्रीचे डोळे चमकले. हॉस्किंगबाई, हे फार मोलाचं आहे, असं काहीसं तो म्हणाला आणि आणखी कुणाला त्या दिवसाचं आठवतंय का, असं विचारलं. टॅम्सिनच्या शेजारी क्लॅरीने हात वर केला. ऑब्रीने माइक त्याच्या मांडीवर आणून ठेवला.

क्लॅरीला आपलं ऐकायला इतकी माणसं कधीच मिळाली नव्हती. आधी त्याचा आवाज कापरा होता, मग चढत गेला. पडायला तयार कोण, असं सिनेमावाल्यांनी विचारलं तेव्हा आम्हीच जॅबेझला पुढे ढकललं, असं त्याने सांगितलं. जॅबेझ फार ताठ. लंडनच्या बायकांसमोर पोहता येत नाही म्हणून सांगायचा नाही, हे पक्कं ठाऊक होतं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" ऑब्रीने विचारलं.

"माहीत होतं म्हणून तर मजा," क्लॅरी म्हणाला. "त्याला ओढून काढायची आकडीची काठी माझ्याच हातात होती. मला म्हणाले, कॅमेरा चालू आहे, हलू नकोस. मी हललो नाही. बघा नीट, मागे उभा आहे मी. दात काढतोय."

मग जॅबेझ हात कसे मारत होता, हे त्याने खुर्चीत बसल्या बसल्या करून दाखवलं. पहिल्यांदा दोघे जण हसले, चोरटे. मग सगळे.

टॅम्सिनने खुर्चीचा ब्रेक काढला आणि त्याला बाहेर आणलं. ऊन होतं, पण समुद्रावरून गार वारा सुटला होता. घराच्या चढाला न लागता ती धक्क्यावर वळली आणि थेट टोकाला गेली. भरतीचं पाणी दगडांना चाटत होतं. तिने खुर्ची काठाशी नेली, ब्रेक लावला, दोनदा तपासला.

"इथेच ना?" तिने विचारलं.

"जरा अलीकडे," क्लॅरी म्हणाला. "थंडी वाजतेय, पोरी. चल घरी."

"पाण्यात असताना बाबा काय ओरडत होते? सिनेमात तिथे बँड वाजतो."

क्लॅरीने मान हलवली. आठवत नाही म्हणाला. ती वाट बघत उभी राहिली. वाऱ्याने त्याच्या डोळ्यांतून पाणी काढलं.

"माझं नाव," तो शेवटी म्हणाला. "क्लॅरी, क्लॅरी करत होता."

"मग बाहेर काढलं कुणी?"

"सिनेमावाल्यांपैकी कुणीतरी. कपडे सांभाळणारी बाई होती एक. मी तुला तसं सांगितलं कारण तू रडत होतीस. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून."

"सलाम करा," टॅम्सिन म्हणाली.

"काय?"

"काका, सलाम करा."

त्याने सांधे आखडलेला हात कपाळाला लावला. हसावं की काय, हे तिच्या चेहऱ्यावर शोधत होता. ती खुर्चीकडे पाठ करून चालू लागली. मागून त्याने तिला नावाने हाक मारली. मग पुन्हा मारली. ती थांबली नाही. घरी येऊन तिने किटली ठेवली, बटाटे सोलायला घेतले. फोन वाजला, वाजून बंद झाला. पुन्हा वाजला.

क्लॅरीला संध्याकाळी जाळी उचलायला आलेल्या लोकांनी घरी पोचवलं. त्याची पॅन्ट भिजलेली होती, समुद्राच्या पाण्याने नव्हे. तापाने काही दिवस अंथरुणाला खिळला आणि मग बरा झाला.

मग गावाने टॅम्सिनविषयी मत बनवायला घेतलं. बेकरीतल्या बायका तिच्यापुढे गप्प व्हायच्या आणि पाठीमागे बोलायच्या. नव्वदीच्या अपंग म्हाताऱ्याला पाण्याच्या काठावर सोडून जाणारी बाई. बापासारखीच तुसडी. चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसेना. ऑब्रीने मात्र सिनेमाचे आणखी खेळ लावले, आणि पोस्टरवर जॅबेझचा बुडताना वर आलेला चेहरा छापला. दर खेळाला क्लॅरीला कुणीतरी ढकलत आणायचं आणि तो माइक घ्यायचा. लांबच्या गावांतून लोक येऊ लागले. सलामवाला खरंच बुडत होता हे कळल्यापासून इंटरनेटवरही सिनेमाची पत वाढली. आधी झोप लागलेल्यांनी तो पुन्हा पाहिला, आणि आता जास्तच आवडला म्हणून लिहिलं.

शरदात क्लॅरीची परगावची भाची डेलिया टॅम्सिनच्या दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही. मामा आता काही खात नाही, म्हणाली. रविवारी दाराकडे बघत बसतो. तुझ्या हातचं मागतो.

"किती दिवसांचा सोबती आहे तो," डेलिया म्हणाली. "तुझं नाव घेतो सारखं. टॅम्सिन, टॅम्सिन करतो."

टॅम्सिनने हात पुसले. ओव्हनमध्ये मांस भाजत होतं आणि त्याचा वास दारापर्यंत आला होता.

"घेऊ दे," ती म्हणाली.

डेलिया जायला निघाली, फाटकाशी वळून म्हणाली, की तू इतकी दुष्ट असशील असं वाटलं नव्हतं. टॅम्सिनने दार लावलं. तिने एकटीसाठी पान मांडलं, मांस कापलं, वर रस्सा ओतला. भूक लागली होती. ती सावकाश, पोटभर जेवली.