पुढची दोरी

साक्षीचा पोहण्याचा कॉस्च्यूम वाळत घालायचा कुठं, हा प्रश्न त्या वर्षी आमच्या घरात कितीतरी महिने होता. साल सत्त्याण्णव असावं. घराला कपडे वाळवायच्या दोन दोऱ्या. एक पुढं, गल्लीच्या अंगाला. तिच्यावर चादरी, माझे सदरे, आक्काची पांढरी लुगडी. दुसरी मागं, न्हाणीच्या भिंतीलगत. तिच्यावर चारचौघांनी बघू नयेत असले कपडे. कॉस्च्यूम मागच्या दोरीवर जायचा आणि त्याच्यावर आक्का स्वतःचा पंचा पसरायची. त्यामुळं तो कधी धड वाळायचाच नाही. माझी नात रोज सकाळी ओलसर कॉस्च्यूम पिशवीत कोंबून रंकाळ्याकडच्या टँकवर पोहायला जायची.

आक्का म्हणजे आक्काताई, माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. मला आक्कानंच वाढवलं. पुढं ती विधवा झाली आणि आमच्याकडंच राहिली. माझा मुलगा प्रसेनजीत टेलिफोनमध्ये, सून प्रीती शाळेत शिक्षिका, मी वाचनालयातून निवृत्त झालेला. घरात शिकलेली माणसं तीन. पण शब्द चालायचा आक्काचा. त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती.

मला स्वतःला चारचौघांत बोलता येत नाही. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं लोकांच्या हातात दिली. घरात मी बाबासो. गल्ली मला मास्तर म्हणते, तेही पुस्तकांमुळंच. शिकवलं मी कुणालाच नाही. त्यामुळं हे सगळं मला नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही. पण आक्काविषयी मी नाही लिहिलं तर कोण लिहिणार, म्हणून बसलोय.

सकाळी टँकवर मुलींची वेगळी वेळ असे. शिकवायला प्रमोदिनी मॅडम. तिथं पुरुष नसतात म्हणून आक्कानं कॉस्च्यूम सोसला होता. मग एक दिवस मॅडम घरी आल्या. "पोरगीचा हात फार चांगला पडतो. शाळांच्या स्पर्धेला उतरवूया," म्हणाल्या.

"बघायला कोण कोण असतंय?" आक्कानं विचारलं.

"सगळेच. पालक, शिक्षक, पंच."

"गडी माणसं बी?"

"असणारच की, आजी."

"मग न्हाय. माझ्या जिवात जीव हाय तवर, उघड्या पायांनी बाप्यांच्या म्होरं आमची पोरगी उभी ऱ्हायाची न्हाय."

साक्षी तेरा वर्षांची. ती रडली नाही. ताटावरून उठली आणि मागं जाऊन न्हाणीच्या पायरीवर बसली. त्या दिवसापासून तिचं बोलणंच कमी झालं. मी तिच्या बाजूनं आक्काशी काय बोलायचं याची मनात मोठी तयारी केली. ग्रीसमधल्या खेळांचं सांगावं, की आपल्या मंदिरांवरच्या मूर्तींचं? पण आक्का समोर आली की मी, "चहा घेणार काय?" एवढंच विचारायचो.

शेवटी आक्कानंच तोड काढली. तिनं पांढरं पॉपलीन आणवलं आणि प्रीतीच्या मशीनवर स्वतः पोशाख शिवला. गुडघ्याखाली जाणारा पायजमा, वर कोपरापर्यंत बाह्यांचा झगा. गळ्याला नाडी. "आता खुशाल पव," म्हणाली. मॅडमनी तो उलटसुलट करून बघितला. "रविवारी निवड आहे. बघू," एवढंच त्या म्हणाल्या.

रविवारी आम्ही सगळे गेलो. टँकमध्ये शिरताना पाय धुण्यासाठी पाण्याची एक उथळ चर असते. घोटाभर पाण्यातून चालूनच आत जायचं. लोक पँटी, साड्या वर घेऊन जात होते. आक्का लुगडं तसंच सोडून पाण्यात शिरली.

"आत्याबाई, जरा वर घ्या की," प्रीती म्हणाली.

"भिजू दे."

काठ भिजून जड झाला, तसाच फरशीवरून ओढत ती बाकापर्यंत गेली. मला त्यात काही नवल वाटलं नाही. आक्काचं लुगडं घोट्याच्या वर गेलेलं मी कधीच बघितलं नव्हतं. शेतात नाही, जिन्यावर नाही, पंचगंगेच्या पुरातसुद्धा नाही. घरातून निघताना ती वाकून हातानं काठ चाचपायची, खाली आहे ना बघायची. ती तिची सवयच होती.

शिट्टी झाली. साक्षीनं उडी मारली, आणि झग्यात हवा शिरून तिच्या पाठीवर हा एवढा फुगा आला. कुणीतरी हसलं. मग फुगा बसला आणि कापडानं पाणी धरलं. बाकीच्या पोरी पलीकडच्या काठाला लागल्या तरी ही अजून मध्येच होती. हात मारायची, पण बाह्या मागं ओढायच्या. ती शेवटची आली, आणि शिडी चढून वर आली तेव्हा तर माझी मानच खाली गेली. ओलं पांढरं पॉपलीन तिच्या अंगाला असं चिकटलं होतं की काळ्या कॉस्च्यूममध्ये दिसलं नसतं ते सगळं दिसत होतं. पोरगी दोन्ही हात छातीशी आवळून उभी राहिली. तिला पुढंही येता येईना आणि मागंही जाता येईना.

आक्का उठली. तो जड काठ ओढत गेली आणि पोरीला तिनं आपल्या पदराखाली घेतलं. घरी आल्यावर तिनं तो पोशाख पिळला, घडी घातली आणि फरशी पुसायला म्हणून प्रीतीकडं दिला.

मॅडम भल्या. "आजच्या वेळेवर मी जात नाही," त्यांनी निरोप पाठवला, "पुढच्या रविवारच्या स्पर्धेत साक्षीचं नाव ठेवलंय. पण कॉस्च्यूम घालूनच. नाहीतर दुसरी मुलगी घेते. शनिवारपर्यंत कळवा." आक्कानं निरोप ऐकला. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

पुढचं घडलं ते माझ्या वेंधळेपणामुळं. प्रीती शाळेत गेली होती. पिळलेल्या कपड्यांची बादली माझ्या हातात होती आणि काखेत पुस्तक. एका हातानं पान धरून मी दुसऱ्या हातानं कपडे दोरीवर टाकत गेलो. संपल्यावर आत येऊन वाचत पडलो. थोड्या वेळानं बाहेरून हाक आली.

"मास्तर, हाय का घरात?"

दारात हंबीरराव. आमच्या गल्लीतल्या तालमीचे वस्ताद. नुकतेच आखाड्यातून निघालेले. अंगावर तांबडी माती, कमरेला लंगोट आणि खांद्यावर टॉवेल. रोज असेच ते गल्लीच्या नळावर येऊन, भर रस्त्यात दांडगी अंघोळ करायचे.

"रागावू नका मास्तर, पर हे बरं दिसतंय व्हय?"

त्यांनी बोट केलं तिकडं मी बघितलं. पुढच्या दोरीवर, माझा सदरा आणि आक्काचं लुगडं यांच्या मध्ये, साक्षीचा काळा कॉस्च्यूम वाऱ्यावर हलत होता.

"समोर कट्ट्यावर मंडळाची पोरं बसत्यात. येणारं-जाणारं पावणं बघत्यात. ते आत घ्या. आन् पोरीला बी सांगा, आता ल्हान न्हाय ती. झाकूनपाकून ऱ्हावं. आपल्या गल्लीत असलं शोभत न्हाय."

मी चपला शोधू लागलो. काढून घ्यायलाच निघालो होतो. तेवढ्यात मागून आक्का आली.

"हंबीरराव, तुमच्या अंगावर काय हाय?"

"आं?"

"न्हाय, मला ह्या वयात जरा कमी दिसतंय, म्हणून इचारलं. लंगोटच हाय न्हवं?"

कट्ट्यावरची पोरं खिंकाळली. हंबीररावांनी खांद्यावरचा टॉवेल कमरेला गुंडाळायला घेतला. "आक्काताई, ह्यो पैलवानाचा पोशाख हाय. तालमीत असंच असतंय."

"मग त्यो पवायचा पोशाख हाय. पाण्यात असंच असतंय."

"अवो, आमी गडी माणसं—"

"ते दिसालंय की सगळ्या गल्लीला! रोज दिसालंय!"

आता पोरांनी शिट्ट्याच मारल्या. हंबीरराव मनानं वाईट नव्हते. त्यांनाही हसू आलं. ते दाबत, टॉवेल सावरत ते नळाकडं गेले.

मला वाटलं, आता आक्का कॉस्च्यूम काढणार. मला चार शब्द सुनावणार. तिनं यातलं काहीच केलं नाही. दोरीकडं तोंड करून उंबऱ्यावर बसली.

"आई तुला आठवत न्हाय न्हवं?" ती म्हणाली.

"कशी आठवणार?"

"मला आठवती. आपल्या गावाकडं," म्हणजे नेसरीच्या बाजूला, "आपल्या बायकांनी लुगडं गुडघ्याच्या खाली सोडायचं न्हाय, अशी रीत हुती. लांबनं बघून कळाय पायजे, कुणाची बाई हाय ती. मग बाबासायबांनी महाडात बायकांस्नी सांगितलं, दुसऱ्या बायका नेसत्यात तसं नेसा. ते आपल्या गावात याला लई दिस लागलं. पर आईनं ऐकलं आन् घोट्यापत्तोर सोडलं. आदी घरातच नेसून चालून बघितलं. सारखं पायात गुतायचं. मी हसायला लागले तर मला धपाटा घातला."

आक्का स्वतःशीच जरा हसली.

"मग पाण्याला निगाली. मी मागनं. चावडीवरनं एक जण वराडला, 'ए, वर घे ते. तुमाला शोभत न्हाय.' आई थांबली न्हाय. वर बी घेतलं न्हाय. म्होरं ओढा आला, तरी वर घेतलं न्हाय. तशीच भिजवत पलीकडं गेली. घरात आल्यावर थरथर कापत हुती, पर काठ खालीच."

मी साठी ओलांडली होती, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. महाडचं भाषण मी पुस्तकात किती वेळा वाचलं असेल. ते ऐकून माझी आई ओढ्यात भिजली, हे मला माहीत नव्हतं.

"मला वाटायचं, तिनं एवढं सोसून पाय झाकलं, आन् आमची पोरगी ते उघडं टाकती. आईला काय वाटंल? पर आज त्यो हंबीरराव 'शोभत न्हाय' म्हणला, तवा मला त्यो चावडीवरचाच वाटला. त्यो म्हणत हुता वर घे, ह्यो म्हणतोय झाक. आन् मी बी पोरीला तेच म्हणालेय की रं, बाबासो."

मी तिच्याजवळ उंबऱ्यावर बसलो, एवढंच.

संध्याकाळी साक्षी आली तेव्हा आक्कानं तिला हाक मारली. पुढच्या दोरीवरून कॉस्च्यूम काढून, हातानं झटकून तिच्या हातात दिला. "वाळलाय बघ आज खडखडीत," म्हणाली. "मॅडमला सांग, येती म्हणून."

साक्षी तशीच, दप्तर न काढता, गल्लीतून पळत सुटली.

रविवारी टँकवर गर्दी होती. पोरींचे बाप, भाऊ, शिक्षक, बाहेरगावच्या शाळांची माणसं. दारातल्या पाण्यापाशी आम्ही आलो. प्रीतीनं साडी वर घेतली. मी पायजमा दुमडला. आक्का मागं थांबली होती. मी वळून बघितलं. ती वाकली, नेहमीसारखा हातानं काठ चाचपला, आणि मग त्याच हातानं लुगडं वर उचललं. गुडघ्यापर्यंत. ओचा कमरेला खोचला आणि पाण्यात पाय टाकला.

माझ्या बहिणीचे पाय मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. काठीसारखे बारीक. ऊन कधी न लागल्यामुळं हातातोंडापेक्षा कितीतरी उजळ. डाव्या पोटरीवर हिरवट गोंदण होतं, छोटासा विंचू.

"हे कधी गोंदलंस?" माझ्या तोंडून गेलं.

"आईनं लुगडं खाली सोडायच्या आदी," ती म्हणाली. "बघतोस काय? चल म्होरं."

पाणी संपलं तरी तिनं ओचा काढला नाही. तशीच बाकावर बसली. कुणी बघितलं का, मला ठाऊक नाही. मी बघितलं आणि साक्षीनं बघितलं. ती पलीकडच्या काठावर काळ्या कॉस्च्यूममध्ये, दोन्ही हात सैल सोडून उभी होती. तिनं आक्काच्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं. आक्कानं हातानंच खूण केली: मार उडी.

शिट्टी झाली आणि मागच्या कठड्यावरून कुणीतरी दणदणीत आवाजात ओरडलं, "मार हात! मार! सोडू नकोस तिला!" बघतो तर हंबीरराव. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, डोक्याला फेटा. मुलीच्या लग्नालाही ते एवढे नटले नसतील.

साक्षी दुसरी आली. विभागाच्या स्पर्धेसाठी दोघींची निवड होती, त्यात ती बसली.

"पयली का न्हाय?" आक्कानं विचारलं.

"आक्काआजी, ती मोठी होती माझ्यापेक्षा!"

"म्होरच्या वक्ताला बघून घे मग तिला."

हंबीरराव थंडाईचा तांब्या घेऊन आले होते. "मास्तर, पवणाऱ्या पोरीला खुराक लागतोय. रोज तालमीत धाडत जावा कुणालातरी, बदाम मी घोटून दीन," म्हणाले आणि आक्काकडं न बघता तांब्या बाकावर ठेवला. "हंबीरराव," आक्का म्हणाली, "आज वळखू आला न्हाईसा."

घरी आल्यावर साक्षीनं कॉस्च्यूम धुतला आणि सवयीनं मागं निघाली. आक्कानं तो तिच्या हातातून घेतला आणि पुढच्या दोरीवर, आपल्या लुगड्याशेजारी, दोन चिमटे लावून ताणून टाकला.

आक्काला जाऊन आता बरीच वर्षं झाली. साक्षी पुण्यात लहान मुलींना पोहायला शिकवते. मला आईचा चेहरा कधीच आठवला नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं. आता वाटत नाही. त्या दिवशी उंबऱ्यावर बसून आक्कानं मला आई दिली; ओढ्यातून भिजत चाललेली, थरथरणारी, काठ न उचलणारी. त्याबद्दल तिला काही म्हणावं असं मला तेव्हा फार वाटलं होतं. पण मी चहाच विचारला. ती हो म्हणाली आणि आम्ही प्यायलो.

सुट्टीत साक्षी येते तेव्हा कपडे वाळत मीच घालतो. आता पुस्तक काखेत घेत नाही. बघून, नीट, पुढच्या दोरीवर घालतो.