हलक्या वाऱ्याचा पतंग

"दाजी, वारा कसा असतो आता तिकडं?" इंग्लंडातून मल्हारचा आवाज फोनमध्ये खरखरत होता.

सूर्यकांतनं रिसीव्हर कानाशी दाबून धरला. "जानेवारीत काय असणार? बंगळूरला आषाढ सोडला तर वारा हलकाच."

"मग पतंग मोठाच घ्यायला पाहिजे. लहान उचलायचाच नाही. पण झोत आला की मोठा माणसाला फरफटत नेतो. दुकानदार विचारतोय, उडवणारा शिकाऊ आहे का तयार?"

आत त्याची बायको सुनंदा भाजी चिरत होती. तिची विळी थांबली.

"तयार म्हणून सांग," सूर्यकांत म्हणाला.

सूर्यकांत मूळचा निपाणीचा. कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायची नोकरी, कोरमंगलात दोन खोल्या, मूलबाळ नाही. मेव्हण्यानं, मल्हारनं, काही वर्षांपूर्वी पहिल्यांदा तो पतंग आणला तेव्हा या मुकाट माणसाला आवाज फुटला होता. कागदाचा नव्हे, कापडाचा पतंग. त्याला काड्या नाहीत, वारा भरला की उशीसारखा फुगायचा. दोन हातांत दोऱ्यांच्या दोन मुठी. ज्या बाजूची ओढावी तिकडं वळायचा. दर रविवारी बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठच्या माळावर सूर्यकांत टाचा रोवून उभा राहायचा, पतंगामागं घसरत जायचा आणि मोठमोठ्यानं हसायचा. सुनंदानं त्याला घरात असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, डावा हात नाही. फोनवर मात्र त्यानं मल्हारला सांगितलं, "पूर्ण बरा झालो." सुनंदानं ते खोडून काढलं नाही.

मल्हार आला आणि दारातच त्याला तो हात दिसला. कोपरात वाकून पोटाशी धरलेला. त्यानं बहिणीकडं पाहिलं. ती बॅग उचलून आत गेली.

"स्वल्प वेळ लागतोय, एवढंच," सूर्यकांत म्हणाला. "रविवारी माळावर जाऊ."

माळावर गवत वाळून पिवळं झालं होतं. मल्हारनं दोऱ्या सोडल्या. डाव्या हाताच्या बोटांत मूठ काही ठरेना, दोनदा पडली. सूर्यकांतनं हात सुनंदापुढं केला. "बांध."

"अक्का, बांधू नकोस," मल्हार म्हणाला. "वेळेला सोडता आलं पाहिजे."

"उजवी मूठ सुटी आहे. ती सोडली की पतंग खाली येतो. मला नको शिकवू. बांध गं, घट्ट."

सुनंदानं मनगटाला फडक्यानं मूठ बांधली.

पतंग हळूहळू फुगला आणि वर गेला. भला मोठा, निळा. सूर्यकांत मान मागं टाकून पाहत राहिला. त्याचा डावा हात पोटापासून सुटला, कोपर सरळ झालं, हात खांद्याएवढा उंच आला. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं.

ऊन चढलं होतं. तापलेल्या माळावरून अचानक झोत उठला आणि सूर्यकांत पुढं ओढला गेला. चार पावलं पळाला, मग आडवा पडला.

"उजवी सोडा! दाजी, सोडा ती!" मल्हार ओरडत धावला.

त्यानं सोडली नाही. गवतातून, खड्यांतून तो बांधाच्या दगडांपर्यंत फरफटत गेला. दगडावर आदळला तेव्हाच ती मूठ सुटली.

डावा खांदा निखळला होता. डॉक्टरांनी बसवला, पण आत शिरा ताणल्या गेल्यात, हातात जी थोडी हालचाल परतत होती ती आता विसरा, असं त्यांनी सुनंदाला बाहेर बोलावून सांगितलं.

ती परत येऊन कॉटशेजारी बसली. पांघरूण सारखं करत म्हणाली, "का नाही सोडलंत?"

तो छताकडं पाहत होता. "हात लागत होता गं."

"म्हणजे?"

"ओढ लागत होती. खांद्यापर्यंत. झटका आल्यापासून पहिल्यांदाच तो माझा हात वाटला. सोडवेना."

सुनंदानं पदर तोंडाशी धरला. बांधलं तिनंच होतं.

मल्हार परत निघाला तेव्हा मोठा पतंग त्यानं आपल्या बॅगेत भरला. रिक्षा दाराशी येऊन थांबली तेव्हा सूर्यकांत म्हणाला, "एक पाठवशील? एका हातानं धरायचा असतो बघ, दोन्ही दोऱ्या एकाच दांड्याला."

"तो शिकाऊंचा, दाजी. लहान मुलं उडवतात. इथल्या वाऱ्यात नाही उठायचा."

"सरी, चालेल. ठाऊक आहे मला. दुकानदाराला शिकाऊ म्हणूनच सांग."

होळीच्या सुमारास पार्सल आलं. टॉवेलएवढा लाल पतंग निघाला.

आता रविवारी दोघं बसनं माळावर जातात. सूर्यकांत डावा हात खिशात घालून, उजव्या हातात दांडा धरून वाऱ्याकडं पाठ करून उभा राहतो. दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला सुनंदा पतंग वर धरते. एखादी झुळूक आली तर तो तिच्या हातून सुटतो, डोक्याएवढा वर चढतो आणि गवतात पडतो. ती वाकून उचलते, दोऱ्या सरळ करते.

"धरू?" ती लांबून विचारते.

"धर."

ती दोन्ही हात वर करून पतंग धरते. गवताचं पातंही हलत नसतं. तिचे दंड भरून येतात, तरी हात खाली घेत नाही.