तिसऱ्या कप्प्याचं पाणी

कागदावर सगळं इतकं गोड होतं की मला शंकाच आली. चौतीस दिवस, तीन कप्पे, प्रत्येकात शंभर ब्रॉयलर. पहिल्याला साधं खाद्य. दुसऱ्याला खाद्यात मिसळून आमच्या कारखान्यात जिवाणू वाढवून केलेली पावडर, नेमक्या मापाने. तिसऱ्याला दहापट. उद्या कुणाचा मिक्सर बिघडून एखाद्या पोत्यात पावडर भलतीच जास्त पडली, तरी पक्षी तगतो का, एवढंच बघायचं होतं. आणि तिसऱ्या कप्प्यात एकही मेला नव्हता!

साहेब दारातच उभे. "बाई, सही करा की. बाराच्या आत कागद गेला पाहिजे. पुढच्या आठवड्यात माल बाहेर पडतोय."

"करते हो, जरा दम धरा," मी खेकसले.

खाद्याची नोंद चोख, वजनं चोख. मग पाण्याच्या मीटरची वही उघडली. त्या पावडरीत क्षार भरपूर; दहापट पोटात गेली की पक्षी घटाघटा पाणी पिणारच. पहिले सात दिवस तिसरा कप्पा दुप्पट प्यायला होता. आठव्यापासून मात्र पहिल्याइतकंच. म्हणजे पावडर त्यांच्या पोटात जातच नव्हती. त्या शेडवर माझा सख्खा मामा होता, आणि त्याला तिथे चिकटवलं होतं मीच.

तशीच शेडवर गेले. मामा पाण्याची भांडी घासत बसला होता.

"मामा, तिसऱ्या कप्प्याला काय घातलंस?"

"लिहिलंय की वहीत."

"वही वाचली मी. तोंडाने सांग."

त्याने हात पुसले. "आठव्या दिवशी पिल्लं ढेपाळली गं. बुडं ओली, पंख गळालेले, उठेनात. मला बघवेना. मग तुझं खाद्य मागे खड्ड्यात पुरायचो आणि साधं घालायचो."

"आणि वहीत?"

"वहीत तुझंच लिहायचो. तुला कुणी बोल लावू नये म्हणून."

"अरे देवा! काय करून बसलास, मामा! लाखो पक्ष्यांना देणार होते ही पावडर!"

"ते लाखो मी कुठे बघितलेत? ही माझ्या पायाशी यायची."

मला रागही आला आणि रडूही. बाराच्या आत साहेबांना सांगितलं, चाचणी बाद. साहेबांनी आकाशपाताळ एक केलं. मामाची नोकरी त्याच दुपारी गेली, आणि आईने माझ्याशी बोलणंच टाकलं.

नवी पिल्लं आली, नवा माणूस आला, वहीला पक्का. नवव्या दिवशी सकाळी त्याचा फोन. "मॅडम, तिसऱ्यात सात गेली. बाकीची पण मलूल आहेत. साधं खाद्य घालू का?"

हो म्हणावंसं इतकं वाटलं! "नको," मी म्हटलं. "डॉक्टर येईपर्यंत काही बदलू नका. लिहून ठेवा."

डॉक्टरांनी दुपारी चाचणी थांबवली, माल गोदामातच राहिला.

रविवारी आईने राग गिळून जेवायला बोलावलं. मामा समोरच बसला होता. ताटातून मान वर न काढता त्याने विचारलं, "किती गेली?"

"अकरा."

"माझ्याकडे असताना एक गेलं नव्हतं."

"म्हणून तर हा माल बाहेर पडणार होता, मामा," मी म्हटलं.

त्याने हातातला घास ताटात ठेवला आणि उठून गेला.