कासवासाठी बारा मिनिटं

आमचे हे बस डेपोत वेळापत्रकं करतात. कुठली गाडी किती वाजून किती मिनिटांनी सुटणार हे ठरवण्यात ह्यांची सोळा वर्षं गेली. त्यातली एकही गाडी वेळेवर सुटलेली मी पाहिलेली नाही, पण कागद कसा कडक इस्त्रीचा! डेपोत ह्यांचं कुणी ऐकत नाही, म्हणून सगळी हौस घरी भागवून घेतात.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिवस गाडीने फिरायला जायचं ठरलं, तेव्हा मी भोळी, बॅगा काढायला लागले. ह्यांनी आधी तक्ता काढला. लॅमिनेट केलेला. चार दिवस, तेवीस ठिकाणं, आणि प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटं. लघवीलासुद्धा वेगळा रकाना होता. "सव्वाअकराला कुणाला लागली नाही तर?" मी विचारलं. "सव्वाअकराला सगळ्यांनी प्रयत्न करायचा," हे म्हणाले, आणि तक्ता स्टिअरिंगच्या शेजारी चिकटवला.

त्यात "मागणी" नावाचाही एक रकाना होता. घरातल्या प्रत्येकाने एक मागणी लेखी द्यायची. सासऱ्यांनी लिहिलं, "मागणी नाही. झोपू द्यावे." नऊ वर्षांच्या ताईने खिडकीची जागा मागितली. मी लिहिलं, "रोज एक तास मला कुणी हाक मारू नये." ती नामंजूर झाली. का, ते कळवलं नाही. धाकटा पाच वर्षांचा, त्याला लिहिता येत नाही. त्याने रकान्याबाहेर जाईल एवढं मोठं कासव काढलं. डोकं बाहेर काढलेलं, दोन डोळे, हसरं तोंड.

धाकट्याला आम्ही बटण म्हणतो. मी कपडे शिवते, आणि रांगायच्या वयात ह्याने माझ्या डब्यातलं एक बटण गिळून दोन दिवस सगळ्या घराला नाकीनऊ आणले होते. बटण परत मिळालं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

तर बटणच्या कासवासाठी ह्यांनी तिसऱ्या दिवशीच्या रस्त्यावर एक छोटी प्राणीबाग शोधून काढली. पुढे लिहिलं, "कासव, १२ मिनिटं."

"बारा मिनिटांत काय बघणार तो?" मी म्हटलं.

"अगं, कासव आहे ते. आहे तिथेच असणार. बारा मिनिटं पुष्कळ झाली."

पहिले दोन दिवस कसे गेले ते विचारू नका. राजवाडा चौदा मिनिटांत झाला. त्यातली नऊ मिनिटं चपला काढण्यात आणि घालण्यात गेली, पण राजवाडा "झाला". संग्रहालयात ह्यांनी दारावरच्या माणसाला विचारलं, "लवकर संपणारी बाजू कुठली?" तो बिचारा तीस वर्षं तिथे उभा होता, असं अजून कुणी विचारलं नव्हतं त्याला. धबधब्यापाशी आम्ही धबधब्याकडे पाठ करून फोटो काढला आणि तसेच पाठमोरे गाडीत येऊन बसलो. पाणी किती होतं ते मला फोटोवरून कळलं.

आणि प्रत्येक ठिकाणाहून निघताना ह्यांची मोजणी. डेपोचा नियमच आहे म्हणे, चालक सोडून बाकीची डोकी मोजल्याशिवाय गाडी हलवायची नाही. हे गाडी चालवायचे, म्हणून आम्ही उरलो चार. मी, सासरे, ताई आणि बटण. "चार!" असं ओरडून हे गाडीच्या टपावर दोनदा थाप मारायचे आणि आत बसायचे. रस्त्यावरची माणसं वळून बघायची. मला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दुसरा नियम पोरांसाठी होता. "जो वेळेवर येणार नाही, त्याला इथेच सोडून गाडी जाईल!" दोन दिवसांत हे वाक्य मी पंधरा वेळा तरी ऐकलं. ताई घाबरून पळत यायची. बटण घाबरायचा नाही. तो मान तिरकी करून विचार करायचा. पोरगं विचार करायला लागलं की आईने सावध व्हावं, पण मी कुठली सावध होतेय! दोन दिवस धावून धावून माझ्या पायांचे तुकडे पडले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळीच विघ्न. ह्यांचा टूथब्रश सापडेना. न्हाणीघर पाहिलं, बॅगा उपसल्या, पलंगाखाली शिरून पाहिलं. शेवटी हे बोटाने दात घासून, तोंड फुगवून गाडीत बसले. सव्वीस मिनिटं उशीर! आता सव्वीस मिनिटांसाठी माणूस किती बोलेल? हे दुपारपर्यंत बोलत होते.

प्राणीबाग म्हणजे रस्त्याकडेला चार पिंजरे, बदकांचं तळं आणि एका कोपऱ्यात कमरेएवढ्या कठड्याच्या आत ते कासव. चांगलं परातीएवढं मोठं होतं. पण डोकं आत, पाय आत, शेपटी आत. बघायला गेलात तर एक दगड.

बटण कठड्याला नाक लावून बसला. हाक मारली नाही, खडा टाकला नाही, नुसता बसला. माझं हे पोरगं जेवताना दोन मिनिटं एका जागी टिकत नाही हो! सात मिनिटं गेली, दहा गेली, दगड तो दगडच.

पाल्याची बादली घेऊन बागेची राखणदार बाई आली. बटणने विचारलं, "हे बाहेर कधी येतं?"

"चारला येतं, बाळा. ऊन उतरलं की मी पाला टाकते, मग काढतं डोकं."

तेव्हा वाजले होते सव्वातीन.

"बाबा, चारपर्यंत थांबूया ना."

"चारला आपण किल्ल्यावर असणार. तक्ता बघ."

"थोडंसंच, बाबा. मला त्याचं तोंड बघायचंय."

"बटण, नियम काय आहे? जो वेळेवर येणार नाही..."

"त्याला खरंच इथे सोडून जाणार?"

"एकदम खरं. गाडी कुणासाठी थांबत नसते."

"बरं," बटण म्हणाला. रडला नाही, हट्ट केला नाही. "शहाणं बाळ," हे माझ्याकडे बघून म्हणाले. मलाही तेच वाटलं, हे आता सांगताना लाज वाटते.

"चला!" अशी आरोळी झाली. सासऱ्यांना गुडघ्यांमुळे हात धरून न्यावं लागतं, मी त्यांना धरलं. बटण ताईबरोबर आहे असं मला वाटलं, आणि ताईला वाटलं तो माझ्याबरोबर आहे. गाडीपाशी आल्यावर ह्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव. त्या सव्वीस मिनिटांनी सगळा तक्ता बिघडलाय, मला नवा करू दे." मी चालवायला बसले. ह्यांनी कागदात डोकं घालून मोजायला सुरुवात केली. सवयीने मला मोजलं. सासऱ्यांना मोजलं, ताईला मोजलं. आणि आज आपण चालक नाही हे बरोबर आठवून स्वतःलाही मोजलं.

"चार!" टपावर दोन थापा, आणि आम्ही सुटलो.

बटणची जागा अगदी मागे, बॅगा आणि उशांच्या मधे. गाडी सुरू झाली की तो तिथे गुडूप झोपतो. मी आरशात बघितलं नाही असं नाही. बघितलं. उशीवर त्याची पिवळी टोपी दिसली आणि मी निवांत झाले. अशी कशी गं तू आई, असं मी त्या दिवसापासून स्वतःला रोज विचारते.

पंचवीस मिनिटांनी ताई म्हणाली, "आई, आज बटण माझ्या सीटला लाथा का मारत नाहीये?"

सासरे मागे वळले. उशी उचलली, टोपी उचलली. खाली काहीच नव्हतं.

ब्रेक कुठे आहे तेच मला आठवेना. गाडी कशी वळवली, कोण किती शिव्या देऊन गेलं, काही कळलं नाही. हे प्राणीबागेच्या तिकिटावरचा नंबर लावत होते, पलीकडे घंटी वाजत होती, उचलत कुणी नव्हतं. "चार होते," हे पुटपुटत होते. "मी मोजले. चार होते गं."

"आपण पाच आहोत!" मी किंचाळले. "पाच माणसांचं घर आहे आपलं! डेपो नाही!"

ह्यांनी फोन खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सोळा वर्षांत मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू? माझ्या डोळ्यांपुढे तो रस्ता होता, बदकांचं ते तळं होतं. रस्ता तर संपतच नव्हता मेला!

पोचलो तेव्हा गाडीचं दार उघडं टाकूनच धावलो. सगळ्यांत पुढे हे.

कठड्यापाशी उपड्या बादलीवर बटण बसला होता. शेजारी राखणदार बाई उभी, जिवात जीव आलेली. आत कासव पाला खात होतं. डोकं बाहेर, डोळे अर्धे मिटलेले, आणि तोंड खरंच हसरं होतं.

आम्हाला बघून बटणने ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ! आत्ताच आलंय ते."

"कधीची विचारतेय, आईबाबा कुठे गेले," बाई म्हणाली. "तर म्हणतो, गेले, मी आता इथेच असतो."

मी त्याला उचलून छातीशी घट्ट धरलं. ह्यांनी आम्हा दोघांनाच मिठी मारली. "अरे, आला का नाहीस तू? हाक मारली होती ना मी!"

बटणला नवल वाटलं. "तुम्हीच सांगितलं ना? उशीर केला की इथे राहायला मिळतं."

कासवाचं खाणं तेवढं ऐकू येत होतं.

त्याच्या खिशात काहीतरी कडक होतं, माझ्या बरगडीला टोचत होतं. मी हात घातला, तर त्याचा टूथब्रश. निळा, छोटा, हत्तीचं चित्र असलेला.

"हा कधी घेतलास रे?"

"सकाळीच. राहायचं तर दात नको घासायला?"

खिशात अजून एक होता. मोठा, हिरवा. ज्याच्यापायी सकाळी पलंगाखाली शिरलो होतो आणि सव्वीस मिनिटं गेली होती, तो. ह्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि नुसते बघत राहिले.

"तो तुमच्यासाठी, बाबा," बटण म्हणाला. "मी तुमचापण आणला होता. पण तुम्ही वेळेवर गेलात."